किड्यांवर अँटिबायोटिकची चाचणी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लहान लॅबसाठी पायरीपायरीनं

आपल्या भागात मायक्रोबायोलॉजी नाहीतर फार्मसीचा प्रोजेक्ट म्हटला की ठरलेलं असतंय, खानापूरच्या रानातली पानं आणायची, मिथेनॉलमध्ये घालायची, आगारवर भोक पाडून झोन (बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ) मोजायचा आणि मिलिमीटर लिहून मोकळं व्हायचं. झोन आला म्हणजे ते औषध जिवंत प्राण्याच्या अंगात चालेल असं अजिबात नाही, फिनाईललापण झोन येतो. म्हणून आता बरीच मुलं सी. एलिगन्स नावाचा जेमतेम १ मिलिमीटरचा पारदर्शक किडा वापरायला बघालेत. किड्याला रेझिस्टंट (औषधाला दाद न देणाऱ्या) बॅक्टेरियाची लागण करायची, वेलमध्ये (प्लेटवरच्या छोट्या खड्ड्यात) एक्स्ट्रॅक्ट म्हणजे अर्क घालायचा आणि किडा जगतो का बघायचं. जगला तर एकाच दमात दोन गोष्टी कळतात, बॅक्टेरिया आटोक्यात आला आणि औषधानं प्राण्याला मारलं नाही.

पद्धत चांगली आहे पण चुका त्याच त्याच होतात, आणि सगळ्यात मोठी चूक क्रमाची आहे. किडे आले की लगेच एक्स्ट्रॅक्ट घालायची घाई. अरे पण लागण झालेले किडे बिनऔषधाचे ठरल्या वेळेत मरतात का, आणि व्हँकोमायसिन हे ओळखीचं अँटिबायोटिक घातलं तर वाचतात का, हे दर आठवड्याला सारखं येत नाही तोवर एक्स्ट्रॅक्टच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडू नका. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबानं लावल्यात, पहिल्या चार पायऱ्यांत एक्स्ट्रॅक्ट कुठंच नाही.

सुरू करायच्या आधी

लागणारं सामान: ऑटोक्लेव्ह, बायोसेफ्टी कॅबिनेट, स्टिरिओ मायक्रोस्कोप, थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर (नुसता गरम करणारा चालत नाही), सेंट्रिफ्यूज, स्पेक्ट्रोफोटोमीटर, ९६ वेलच्या प्लेटा, आणि किडे उचलायला प्लॅटिनमची तार. एवढं असलं की पुरे. मोठ्या लॅबमध्ये किडे मोजून टाकायचं मशीन असतंय, त्यावाचून अडत नाही.

साधा लॅमिनार आणि बायोसेफ्टी कॅबिनेट एक नव्हे. आडव्या लॅमिनारमध्ये हवा प्लेटवरनं सरळ तुमच्या तोंडावर येते. त्यात एनजीएम (किडे वाढवायच्या आगारच्या) प्लेटा ओता, ओपी५० (किड्यांचं खाणं असलेला बॅक्टेरिया) टाका, पण एमआरएसए (लागणीसाठीचा रेझिस्टंट स्टॅफ) उघडू नका. कॉलेजमध्ये कॅबिनेट नसेल तर हे काम जिथं आहे तिथं जाऊन करा. बेळगावात आयसीएमआरची एनआयटीएम ही पारंपरिक औषधांवरची संस्था आहे, मेडिकल कॉलेजच्या लॅब आहेत, गाइडकडनं पत्र घेऊन विचारायला काय जातंय.

परवानग्या. किड्यासाठी उंदरासारखी प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागत नाही, पण संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीला एमआरएसए वापरणार हे लेखी कळवा. झाडं गोळा करायची तर जंगल खात्याची परवानगी आधी, आणि भीमगड अभयारण्यातनं असंच काही उपटून आणायचं नाही. झाडाचा वाळवलेला नमुना हर्बेरियमला ठेवा. नमुना परदेशात पाठवायची वेळ आलीच तर नॅशनल बायोडायव्हर्सिटी अथॉरिटीकडं जावं लागतंय, आधी विचारून घ्या.

कचऱ्याच्या डब्यावर सूचना मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, इंग्रजीत बायोहॅझार्ड लिहून उपयोग नाही. डबा उचलणाऱ्या मावशींना वाचता आलं पाहिजे.

पायरी १: किडे आणणं आणि सांभाळणं

किडे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या सीजीसी या संग्रहातनं मागवता येतात, पण सुरुवातीला आयातीच्या भानगडीत पडण्यापेक्षा बेंगळुरूची आयआयएससी, मुंबईची टीआयएफआर असल्या ठिकाणी या किड्यावर काम करणाऱ्या लॅब आहेत, तिथं गाइडकडनं मेल टाका. दोन स्ट्रेन मागा. एक एन२, म्हणजे साधा जंगली. दुसरा ग्लप-४ आणि सेक-१ हे दोन्ही म्युटेशन असलेला. ग्लप-४ मुळं २५ अंशाला वाढवला की त्याला पिल्लं होत नाहीत, आणि सेक-१ मुळं प्रतिकारशक्ती कमी असल्यानं लागणीनं लवकर मरतो. चाचणीसाठी हाच लागतो, एन२ हात बसवायला.

मीडिया एनजीएम. एका लिटरला मीठ ३ ग्रॅम, पेप्टोन २.५ ग्रॅम, आगार १७ ग्रॅम, पाणी ९७५ मिली. ऑटोक्लेव्ह करून ५५ अंशापर्यंत थंड होऊ द्या आणि मग एकेक करून घाला: १ मोलर कॅल्शियम क्लोराईड १ मिली, इथेनॉलमधलं कोलेस्टेरॉल (५ मिग्रॅ प्रति मिली) १ मिली, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिली, आणि पीएच ६ चा १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर २५ मिली. प्रत्येक वेळी फिरवून एकजीव करा आणि मगच पुढचं. कॅल्शियम आणि फॉस्फेट गरम मीडियात एकदम ओतलं तर पांढरा साका बसतो आणि अख्खी बॅच जाते. कोलेस्टेरॉल विसरू नका, हा किडा स्वतः स्टेरॉल बनवत नाही.

खायला ई. कोलाय ओपी५०. ६० मिमीच्या प्लेटवर मधोमध ५० ते १०० मायक्रोलिटर टाका, कडेपर्यंत पसरवू नका, किडे खाणं शोधत प्लास्टिकच्या भिंतीवर चढतात आणि तिथंच वाळून मरतात.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं हवेत इतका दमटपणा असतो की ओतलेल्या प्लेटा वाळतच नाहीत, पाणी साचून किडे पोहत बसतात आणि बुरशी वर येते. पावसाळ्यात प्लेटा ओतल्यावर कॅबिनेटमध्ये झाकण जरा तिरकं ठेवून वाळवा, मग पालथ्या घालून दोन-तीन दिवस बघत राहा, बुरशीची टाका, उरलेल्यांवरच ओपी५० घाला.

ग्लप-४ वाला स्ट्रेन कायम १५ अंशाला वाढवायचा. एन२ २० अंशाला. खाणं संपायच्या आत नवीन प्लेटवर हलवा, कारण उपाशी राहिलेले किडे डावर नावाच्या टणक अवस्थेत जातात आणि तसल्या प्लेटवरनं चाचणी केली तर आकडे कुठले कुठं जातात. पार्सलनं आलेली प्लेट बहुतेक उपाशीच असते, त्याला घाबरू नका, आगारचा छोटा तुकडा कापून नव्या प्लेटवर ठेवा. चाचणीत वापरायच्या आधी मात्र निदान दोन पिढ्या पोटभर खाल्लेल्या पाहिजेत.

तपासा: प्लेटवर अंडी, लहान, मोठे असे सगळ्या वयाचे किडे दिसतात का, आणि ओपी५० शिवाय दुसऱ्या रंगाची कॉलनी कुठं आहे का. असली तर पुढं जाऊ नका, पायरी ३ मधलं ब्लीच आधी करून किडे स्वच्छ करून घ्या.

पायरी २: बॅक्टेरिया

सुरुवात एमआरएसएपासून करा, म्हणजे मेथिसिलिन रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस. किड्याला मारतो, वाढवायला सोपा आणि व्हँकोमायसिनला मरतो, त्यामुळं कंट्रोल तयारच मिळतो. एटीसीसी ४३३०० हा ओळखीचा स्ट्रेन आहे, कागदपत्रासकट घ्या. एमआयसीसाठी (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारा कमीत कमी डोस) जोडीला एटीसीसी २९२१३ लागतो.

ओळखीच्या डॉक्टरकडनं पेशंटचा आयसोलेट (पेशंटकडनं वेगळा काढलेला जंतू) चिठ्ठीवर आणायची पद्धत बंद करा. त्याला कशाकशाचं रेझिस्टन्स आहे माहीत नसतं, पेशंटची परवानगी नसते, आणि हातातनं सुटला तर हॉस्टेलमध्ये जातो. स्टॅफ नाकात आणि कातडीवर मुक्काम करतो. हाताला जखम असलेल्यानं त्या दिवशी काम करू नये. मोबाईल कॅबिनेटजवळ न्यायचा नाही, मोजताना कॅल्क्युलेटर लागतोच म्हणून ग्लोव्हज घातल्या हातानं फोन उचलतात आणि तोच फोन जेवताना हातात असतो.

स्टॉक २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला. दर आठवड्याला तिथनं नवीन स्ट्रीक काढा. एकाच प्लेटवरनं महिनाभर पुढं पुढं स्ट्रीक करत राहिलात तर स्टॅफचा जहालपणा उतरत जातो, किडे मरायचे कमी होतात, आणि तुम्हाला वाटतंय एक्स्ट्रॅक्ट लागू पडला.

तपासा: सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅमची डिस्क लावा. झोन २१ मिमी किंवा त्याच्या आत आला तर एमआरएसए, २२ किंवा वर आला तर तुमच्या हातात दुसराच कुणीतरी आहे.

पायरी ३: एका वयाचे किडे

म्हातारा किडा आणि तरणा किडा एकाच वेलमध्ये असले तर कोण लागणीनं मेला आणि कोण वयानं, सांगता येत नाही. म्हणून ब्लीच करून फक्त अंडी राखायची. मोठ्या किड्याचं अंग ब्लीचमध्ये विरघळतं, अंड्याचं कवच थोडा वेळ टिकतं, सगळा खेळ त्या थोड्या वेळाचा आहे.

१. अंडी भरलेले किडे आणि अंडी प्लेटवरनं पाण्यानं धुऊन १५ मिलीच्या ट्यूबमध्ये घ्या, एकूण ३.५ मिली करा.

२. ५ नॉर्मल कॉस्टिक सोडा ०.५ मिली आणि लॅबचं सोडियम हायपोक्लोराईट १ मिली, दोन्ही वेगळं एकत्र करून मग ट्यूबमध्ये घाला. मिश्रण त्याच दिवशी केलेलं पाहिजे. उन्हात राहिलेली हायपोची बाटली कमजोर होते आणि किराणा दुकानातल्या वासाच्या ब्लीचचं तर नावच काढू नका.

३. जोरात हलवा, आणि दर मिनिटाला एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. घड्याळावर जाऊ नका. कुणाच्या प्रोटोकॉलमध्ये ५ मिनिटं असतंय, कुणाच्या १०, ते त्यांच्या ब्लीचचं. बहुतेक किडे फुटून अंडी बाहेर सांडली की थांबायचं.

४. लगेच ट्यूब एम९ बफरनं (किडे धुवायचं क्षारांचं पाणी) भरा, १३०० जी ला अर्धा ते एक मिनिट फिरवा, वरचं ओता. असं निदान तीनदा.

५. शेवटी ५ ते १० मिली एम९ मध्ये, खाणं न देता, रात्रभर हळूहळू हलत ठेवा. अंडी फुटतात, पिल्लं उपाशी असल्यानं एल१ या पहिल्या अवस्थेतच थांबून राहतात, सगळी एका रांगेत.

६. सकाळी ही पिल्लं ओपी५० च्या प्लेटवर टाका आणि ग्लप-४ असेल तर सरळ २५ अंशाला ठेवा. साधारण दोन दिवसांत तरणे किडे तयार.

थांबा: ग्लप-४ चं वांझपण तापमानावर आहे. एल१ पासून २५ ला गेले तरच वांझ. प्लेटा टेबलावर ठेवून चहाला गेलात आणि डिसेंबरची थंडी असली की काहींना पिल्लं होतात. ती पिल्लं आईच्या पोटातच उबून तिला आतनं फाडतात, ती मेलेली तुम्ही एमआरएसएच्या खात्यात लिहिता.

एन२ वरच काम करायची वेळ आली तर लोक पिल्लं होऊ नयेत म्हणून एफयूडीआर घालतात. ते स्वतः बॅक्टेरियाच्या वाढीवर परिणाम करतं, म्हणजे अँटिबायोटिक शोधायच्या वेलमध्ये तुम्ही आधीच एक औषध ओतलंत. माझं मत, नकोच.

पायरी ४: कंट्रोल बसवणं

इथं घाई करू नका, महिना गेला तरी चालेल.

फक्त तीन प्रकारचे वेल करायचे. लागण अधिक डीएमएसओ (पुढं एक्स्ट्रॅक्ट ज्यात विरघळवायचा तो सॉल्व्हंट), म्हणजे मरायला पाहिजेत. लागण अधिक व्हँकोमायसिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे जगायला पाहिजेत. आणि लागण नाही, नुसता डीएमएसओ आणि खायला उष्णतेनं मारलेला ओपी५०, हेपण जगायला पाहिजेत. रोज मोजा, पाच दिवस, २५ अंशाला.

सुरुवातीचं माप असं धरा: एका वेलमध्ये एकूण १०० मायक्रोलिटर, त्यात ढोबळमानानं ८० टक्के एम९ आणि २० टक्क्यांपर्यंत टीएसबी ब्रॉथ (बॅक्टेरियाचं पातळ खाणं), कोलेस्टेरॉल १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, बॅक्टेरियाची शेवटची ओडी (स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा गढूळपणा) ०.०४, किडे १५. हे सुरुवातीचं माप आहे, तुमच्या लॅबमध्ये ते हलणार. ब्रॉथ जास्त झालं तर बॅक्टेरिया इतका माजतो की वेलमधला ऑक्सिजनच संपतो आणि किडे लागणीनं नव्हे, गुदमरून मरतात. ते ओळखायचं कसं, तर सगळे एकदम दुसऱ्याच दिवशी सपाट. लागणीनं मरणारे हळूहळू मरतात, आज दोन, उद्या पाच. ब्रॉथ कमी करत या.

उलट किडे मरतच नसतील तर आधी बॅक्टेरिया ताजा आहे का बघा, मग इन्क्युबेटर बघा. एप्रिल-मेमध्ये दुपारी लाईट गेली की बंद बीओडी तासाभरात खोलीच्या तापमानाला येतो, आणि खोली ३५ ला असते. आत मॅक्स-मिनचा थर्मामीटर ठेवा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. बाहेरच्या डिस्प्लेवर २५ दिसतंय म्हणून रात्री आत काय झालं ते कळत नाही. २७ च्या वर गेलेलं दिसलं तर ती प्लेट सरळ बाद, मन घट्ट करा.

पाचव्या दिवशी हिशोब करायचा तो झेड-प्राइमचा, म्हणजे दोन कंट्रोल एकमेकांपासनं किती स्पष्ट वेगळे पडतात त्याचा. मरणाऱ्या आणि जगणाऱ्या कंट्रोलच्या दोन्ही एसडीची (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) बेरीज करा, तीननं गुणा, दोन्ही सरासरींमधल्या फरकानं भागा, आणि १ मधनं वजा करा. समजा लागणवाल्या वेलमध्ये सरासरी ८ टक्के जिवंत आणि एसडी ५, व्हँकोमायसिनमध्ये ९२ टक्के आणि एसडी ६. मग ११ गुणिले ३ म्हणजे ३३, भागिले ८४ म्हणजे ०.३९, उत्तर ०.६१. झकास. आता सरासरी त्याच पण एसडी १२ आणि १४ असली तर उत्तर ०.०७ येतं. नुसत्या सरासरीचा बार ग्राफ काढला तर दोन्ही सारखेच सुंदर दिसतात, म्हणून फसायला होतं.

तपासा: झेड-प्राइम ०.५ च्या वर, सलग तीन वेगवेगळ्या आठवड्यांत, दर वेळी नवे किडे आणि नवी कल्चर. नसेल तर पायरी ५ वाचू नका.

पायरी ५: एक्स्ट्रॅक्ट

झाड असो की मातीतला ॲक्टिनोमायसीट (अँटिबायोटिक बनवणाऱ्या बॅक्टेरियाचा गट) असो, सॉल्व्हंट पूर्ण उडालेला पाहिजे. ४० अंशाच्या आसपास रोटरीवर (सॉल्व्हंट उडवायचं मशीन) काढा, मग व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. उरलेलं मिथेनॉल किडे आणि बॅक्टेरिया दोघांनाही त्रास देतं. मग डीएमएसओमध्ये २० मिग्रॅ प्रति मिलीचा स्टॉक. वेलमध्ये ०.५ टक्के डीएमएसओ पडला की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली होतो. सगळ्या वेलमध्ये, कंट्रोलमध्येसुद्धा, डीएमएसओ तेवढाच.

डीएमएसओ साधारण १८.५ अंशाला गोठतो. थंडीत सकाळी स्टॉक बर्फासारखा घट्ट असतो, अर्धवट वितळलेल्यातनं घेतलं तर डोस चुकलाच, पूर्ण वितळवून, हलवून, खाली साका नाही बघून मगच पिपेट घाला.

आता आपल्या भागातल्या नमुन्यांचं. निपाणी-चिकोडीकडं तंबाखू. त्या पानांचा नाहीतर त्या शेतातल्या कचऱ्याचा एक्स्ट्रॅक्ट घेतला तर निकोटीन किड्याच्या स्नायूवर काम करतं, किडा आखडतो, आणि तुम्ही मेला म्हणून लिहिता. पपईचा आणि अंजिराचा चीक किड्याची कातडीच पचवतो. हळदीतलं कर्क्युमिन स्वतःच चमकतं, त्यामुळं फ्लोरोसन्सवर मोजत असाल तर आकडा खोटा. टॅनिन जास्त असलेल्या सालींचा एक्स्ट्रॅक्ट दिसेल त्या प्रोटीनला धरून बसतो आणि कशावरही चालल्यासारखा वाटतो. नरक्या तर आणूच नका, त्यातलं कॅम्प्टोथेसिन पेशींना विषारी, आणि आधीच तोडून तोडून झाड कमी झालंय.

मातीचे नमुने मला जास्त आशेचे वाटतात, पण तिथंही एक गंमत आहे. स्ट्रेप्टोमायसिस जशी अँटिबायोटिकं करतात तशी जंतावरची औषधंही करतात, आयव्हरमेक्टिन ज्यापासनं बनतं ते ॲव्हरमेक्टिन असल्याच एका स्ट्रेप्टोमायसिसचं. हा किडा जंताचाच भाऊबंद. म्हणजे तुमचा एक्स्ट्रॅक्ट एमआरएसएला छान मारत असेल आणि सोबतच्या दुसऱ्या कुठल्यातरी द्रव्यानं किडाही मारत असेल. "किडे मेले सर, बाद करू का?" असं विचारत येतात, तर नाही, बाद करायचा नाही, वेगळ्या यादीत टाकायचा. म्हणूनच पुढच्या पायरीत प्रत्येक एक्स्ट्रॅक्ट लागण नसलेल्या किड्यांवरपण घालायचाच.

पायरी ६: प्लेट लावणं

९६ वेलच्या प्लेटचे कडेचे ३६ वेल वापरू नका, त्यात नुसतं निर्जंतुक पाणी भरा. पाच दिवसांत कडेचे वेल आटतात. आत राहिले ६०. त्यातले १८ कंट्रोल, तिन्ही प्रकारचे सहा सहा, आणि ते एका बाजूला गोळा न करता प्लेटभर पसरून. उरले ४२. एका एक्स्ट्रॅक्टला ३ लागणवाले आणि ३ बिनलागणीचे, म्हणजे एका प्लेटवर ७ एक्स्ट्रॅक्ट. कमी वाटतात ना? वाटू देत.

वेलमध्ये घालायचा क्रम:

१. मीडिया अधिक एक्स्ट्रॅक्ट ५० मायक्रोलिटर, दुप्पट तीव्रतेचं, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम आणि डीएमएसओ १ टक्का.

२. बॅक्टेरिया ३० मायक्रोलिटर. ओडी ०.१३ ला आणून ठेवला की शेवटी ०.०४ होतो. बिनलागणीच्या वेलमध्ये त्याऐवजी मारलेला ओपी५०.

३. किडे २० मायक्रोलिटर, सगळ्यात शेवटी.

किडे आधी आणि औषध मागनं असं उलटं केलं तर पहिल्या आणि शेवटच्या वेलमध्ये अर्ध्या तासाचा फरक पडतो, शिवाय डीएमएसओचा स्टॉक सरळ किड्याच्या अंगावर पडतो.

किडे टाकायच्या आधी एम९ नं तीन-चार वेळा धुवा, नाहीतर जिवंत ओपी५० बरोबर येतो. १० मायक्रोलिटरचे चार-पाच थेंब स्लाइडवर मोजून २० मायक्रोलिटरला १५ किडे असं पातळ करा. एम९ मध्ये ०.०१ टक्के ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) घाला, किडे टिपच्या प्लास्टिकला चिकटतात. टिपचं टोक थोडं कापून घ्या. आणि ट्यूब सारखी हलवत राहा, किडे मिनिटभरात तळाला बसतात, मग पहिल्या रांगेत पाच आणि शेवटच्या रांगेत चाळीस.

हवा जाणारी फिल्म लावा, ओला टिश्यू ठेवलेल्या डब्यात प्लेट ठेवा, २५ अंश.

तपासा: लावल्याबरोबर प्रत्येक वेलचे किडे मोजून वहीत लिहा. १० पेक्षा कमी किंवा २५ पेक्षा जास्त असतील तर त्या वेलवर आत्ताच काट मारा, निकाल बघून नव्हे.

पायरी ७: मोजणं

मेलेला किडा सुईसारखा सरळ आणि ताठ, जिवंत किडा वळणावळणाचा. शंका असली तर प्लेटला हळू टिचकी मारा, तरीही हलला नाही तर तारेनं स्पर्श करा, डोकं हललं तरी जिवंत. सायटॉक्स ऑरेंज डाय मिळाला तर काम सोपं होतं, तो मेलेल्या किड्यातच शिरतो, पण महाग आहे आणि रंगीत एक्स्ट्रॅक्टबरोबर फसवतो. आपल्या कामाला डोळे पुरतात.

मोजणाऱ्याला कुठला वेल कशाचा हे माहीत नसावं. मैत्रिणीला सांगा वेलचे कोड बदलून द्यायला. आपल्या आवडत्या एक्स्ट्रॅक्टमधला अर्धमेला किडा प्रत्येकाला जिवंतच दिसतो, माणसाचा स्वभावच आहे.

आकडेमोडीत एक चूक जवळपास प्रत्येक थिसिसमध्ये सापडते. एका वेलमध्ये १५ किडे, तीन वेल, म्हणून एन बरोबर ४५ लिहितात. हे चूक. एका वेलमधले किडे एकच पाणी, एकच बॅक्टेरिया वाटून घेतात, ते स्वतंत्र नव्हेत. वेगवेगळ्या आठवड्यांत, नव्या किड्यांवर केलेले तीन प्रयोग म्हणजे एन बरोबर ३.

पहिल्या यादीत कोण घ्यायचा? लागण-डीएमएसओच्या सरासरीत तीन एसडी मिळवा, त्याच्या वर जिवंत राहिलेले घ्या. वरच्या उदाहरणात ८ अधिक १५, म्हणजे २३ टक्क्यांच्या वर. यातले बरेच दुसऱ्या आठवड्यात गळतात, गळू देत.

पायरी ८: हिट (पहिल्या यादीतला एक्स्ट्रॅक्ट) खरा का खोटा

आता ब्रॉथमध्ये एमआयसी काढा. कॅटआयन ॲडजस्टेड म्युलर हिंटन ब्रॉथ, मिलीला ५ लाख सीएफयू (जिवंत बॅक्टेरिया), ३५ अंश, १६ ते २० तास, व्हँकोमायसिनला पूर्ण २४. सोबत एटीसीसी २९२१३ ला व्हँकोमायसिन लावा, एमआयसी ०.५ ते २ मायक्रोग्रॅममध्ये आली तरच त्या दिवशीचे आकडे धरायचे.

मग किड्याचा आणि एमआयसीचा निकाल शेजारी शेजारी ठेवा:

- किडे जगले, एमआयसी कमी: बॅक्टेरियावर सरळ काम करणारं आहे, पुढं न्या.
- किडे जगले, पण एमआयसी खूप वर किंवा नाहीच: हे बाद समजून फेकतात, आणि इथंच खरं नुकसान होतं. औषध बॅक्टेरियाचा जहालपणा कमी करत असेल, किंवा किड्याची प्रतिकारशक्ती वाढवत असेल. झोनच्या पद्धतीत असलं कधीच सापडलं नसतं. मात्र सेक-१ म्युटेशन असलेल्या किड्याची प्रतिकारशक्ती मुळात लंगडी असते, म्हणून हे एन२ वर परत बघा.
- किडे मेले, बिनलागणीचेही मेले, एमआयसी चांगली: विषारी, निदान या किड्याला. डोस कमी करून परत बघा, नाहीतर फ्रॅक्शन करून (एक्स्ट्रॅक्टचे वेगवेगळे भाग पाडून) दोन द्रव्यं वेगळी होतात का बघा.
- लागणवाले मेले, बिनलागणीचे ठीक, एमआयसी चांगली: बहुतेक द्रव्य किड्याच्या आत पोचत नाही. ही कातडी बरीच औषधं आत सोडत नाही, जास्त डोसला एकदा संधी द्या.

त्याच्यानंतर उलटी चाचणी. आत्तापर्यंत बॅक्टेरिया आणि औषध एकाच वेळी घातलं होतं, म्हणजे बॅक्टेरिया किड्याच्या पोटात जायच्या आधीच वेलमध्ये मेला असेल. आता किड्यांना आधी काही तास एमआरएसएच्या प्लेटवर खाऊ द्या, धुवा, आणि लागण झालेले किडे औषधात टाका. इथं जे वाचवतं त्याला काहीतरी अर्थ आहे.

मग डोस कमी करत करत वक्र काढा, ताज्या रक्तपेशींवर हिमोलिसिस बघा, कारण साबणासारखी सॅपोनिन असलेली झाडं बॅक्टेरियाही फोडतात आणि रक्तपेशीही. आणि फ्रॅक्शन पाडायच्या आधी एलसी-एमएस (आत कुठली द्रव्यं आहेत ते ओळखायची तपासणी) करून घ्या, जुनंच द्रव्य परत शोधण्यात दोन वर्षं घालवू नका. दारुहळद असेल तर बर्बेरिन सापडणार हे आधीच ठरलेलं आहे, शिवाय स्टॅफ ते नॉरए नावाच्या पंपानं बाहेर फेकतो.

प्रत्येक फ्रॅक्शन परत दोन्ही चाचण्यांत, किड्यावर आणि ब्रॉथमध्ये. एखाद्या वेळी अख्ख्या एक्स्ट्रॅक्टला गुण असतो आणि फ्रॅक्शन केल्यावर कशातच उरत नाही. अशा वेळी फ्रॅक्शन परत एकत्र करून बघा. गुण परत आला तर दोन द्रव्यं मिळून काम करतात, मग त्यांना जोडीजोडीनं लावा. परत आला नाही तर कॉलममध्ये नाहीतर रोटरीच्या गरमीत ते मोडलं, तर नव्या वजनानं, कमी तापमानाला पायरी ५ पासनं. आणि मूळ एक्स्ट्रॅक्टचा थोडा भाग पहिल्या दिवशीच छोट्या छोट्या व्हायलमध्ये उणे ८० ला वेगळा ठेवलेला असला पाहिजे, कारण त्याच झाडाची पावसाळ्यातली पानं आणि उन्हाळ्यातली पानं सारखं द्रव्य देतीलच असं नाही.